यादीत तंजावर नाही

॥ श्री ॥

दक्षिण वीथी, तंजावर
२१ मे १९९५

चि. सुंदर यास सरोजाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तिकडचं क्षेम तुम्ही छापूनच काढलं आहे, तेव्हा विचारत नाही.

सौ. सरस्वतीस आशीर्वाद. हे पत्र नेहमीप्रमाणे तूच त्याला वाचून दाखवणार, कारण आमच्या या शहाण्याला नागरी अक्षर येत नाही. तर एक विनंती आहे. जे लिहिलंय ते शब्दन् शब्द वाच. मधलं गाळू नकोस, गोड करू नकोस. तुझ्याबद्दल काही आलं तर तेही वाच.

सुंदर, तुझं जाड पाकीट मंगळवारी आलं. पोस्टमननं विचारलं, आत पुस्तक आहे काय. मी म्हटलं, आमचा निकाल आलाय. त्याला काही कळलं नाही, तो हसून पुढं गेला.

निकालच तो. तुझी कंपनी जगातल्या शंभरावर शहरांना राहणीमानाचे गुण देते, त्यांची क्रमवारी लावते, आणि ती पाहून मोठ्या कंपन्या ठरवतात की आपल्या साहेबाला कुठल्या गावी पाठवलं तर त्याला त्रासाबद्दल किती भत्ता वर द्यायचा. हे मला आत्ता कळलं. तू तिथं काय करतोस असं कुणी विचारलं की बारा वर्षं मी 'आकडेमोडीचं काहीतरी' असं सांगत आले. आता सांगेन की तो गावांना नापास करतो.

जिनिव्हा दुसरं आलंय. अभिनंदन. शाळेत तुझाही दुसरा नंबर यायचा, आणि महिन्याचं रँक कार्ड अप्पांच्या सहीसाठी पुढं करताना तू पहिल्या आलेल्याच्या नावानं बोटं मोडायचास. मद्रास शोधायला मला पान उलटावं लागलं. तंजावर नाहीच. तू लिहितोस, तंजावर यादीत नाही कारण तिथं आम्ही कुणाला पाठवत नाही. बरोबर आहे. तिथून फक्त माणसं न्यायची असतात.

म्हणजे मुद्दा हा, की अप्पांना तू ऑगस्टमध्ये जिनिव्हाला न्यायचं म्हणतोस. कायमचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एका कानानं ऐकू येत नाही, गुडघे धरलेले, आयुष्यभर कालव्यांच्या खात्यात पाणी मोजलं, मद्रासच्या पलीकडं कधी गेला नाही. त्याला तू लिफ्टच्या घरात, बर्फात ठेवणार. आणि हे मला पटावं म्हणून तुमचा तो अडतीस प्रश्नांचा फॉर्म पाठवलास. 'अक्का, तूच प्रामाणिकपणे तंजावरला गुण घाल, मग बोलू.' एकतीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला प्रामाणिकपणे गुण घाल म्हणून सांगतोस.

सुट्टीच आहे. घातले गुण. घे.

पिण्याचं पाणी. सकाळी पाचला तासभर येतं, त्यात शेजारच्या राजमच्या आणि माझ्या घागरी भरतात, कधी तिची शेवटची अर्धी राहते. पाच.

वीज. हे लिहिताना दोनदा गेली. तीन.

सांडपाणी. जानेवारीत तमिळ परिषद झाली तेव्हा सरकारनं गटारावर फरशा टाकल्या आणि रस्त्याला डांबर लावलं. फरशांखाली काय चाललंय ते कुणी विचारत नाही. चार, आणि तेही फरशा नव्या आहेत म्हणून.

हवामान. मे महिना आहे. शून्य.

परदेशी माणसाला लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चीज, वाईन, न्याहरीचे ते कोरडे पोहे. आता सगळं खुलं झालंय म्हणतात. तिरुच्चीला मिळत असेल. एक.

नाटकगृहं, पोहण्याचे तलाव, उपाहारगृहं. अप्पा आणि त्यांचे दोस्त वेंकटराव रोज संध्याकाळी पेरिय कोविलच्या, म्हणजे मोठ्या देवळाच्या, गवतावर बसून एकमेकांना त्याच त्याच गोष्टी सांगतात. वेंकटराव अप्पांच्या ऐकू येणाऱ्या बाजूला बसतात, हे तुमच्या कुठल्या रकान्यात घालायचं ते मला समजलं नाही. म्हणून रकाना कोरा सोडलाय.

घरकामाला भरवशाचं माणूस सहज मिळतं काय. दहापैकी दहा. मी आहे.

सगळे अडतीस सांगत नाही, फॉर्म सोबत आहे. बेरीज तीनशे ऐंशीपैकी एकशे एक्केचाळीस. तंजावर नापास. मला मान्य आहे, मी एक गुणही वाढवून दिलेला नाही. पण बाबा, पेपर तू काढलास. माझ्या वर्गात मी काढलेल्या पेपरात माझी लाडकी पोरगीही पहिली येते.

अप्पांना विचारलं. ते नको म्हणाले. चक्क नको म्हणाले, आणि परत विचारू नको म्हणाले. तेव्हा तिकीट वगैरे काढू नकोस, तो विषय संपला.

आता ज्याच्याबद्दल तू दीड वर्षात एक शब्द काढला नाहीस ते मी काढते. त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात मी तुला पत्र टाकलं. लांबण लावली नव्हती. 'आईला बरं नाही. अवसर आहे. ये.' एवढंच लिहिलं होतं. पत्र पोचल्यावर आई नऊ दिवस होती. तुझं पत्र नाही, फोन नाही, तू नाहीस. तू जकार्ताला होतास. तिथल्या पाण्याला गुण देत होतास. गेल्याची तार मिळाल्यावर आलास तो चौथ्या दिवशी. मुलगा असून आईला अग्नी नवऱ्यानं दिला, अप्पांनी, वेंकटरावांच्या खांद्याचा आधार घेऊन. तू आलास, दहा दिवस मान खाली घालून बसलास, आणि गेलास. मी तुला काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला घराबाहेर काढावं लागलं असतं.

आणि आता तू अप्पांची काळजी करतोस. दुसऱ्या क्रमांकाच्या शहरातून.

तुझ्या यादीत हा प्रश्न नाही, सुंदर, की ज्या शहरात आपण राहतो तिथून आपल्या मरत्या आईपर्यंत पोचायला किती वेळ लागतो. घाला तो आणि बघा जिनिव्हाचा नंबर कितवा येतो.

सरस्वती, सगळं वाचलंस ना?

सरोजा वरुणराव,
गणिताची शिक्षिका

तंजावर
१९ जून १९९५

सुंदर,

आशीर्वाद. हे पत्र मी आपल्या तमिळ अक्षरांत लिहिते आहे, तुझ्या लग्नाआधी लिहीत होते तसं. तुझं तू वाच. मध्ये कुणी नको. या लिपीत 'भाऊ' लिहिलं की 'पाऊ' होतं, 'घर' लिहिलं की 'कर' होतं, ते तुला पूर्वी समजायचं, आत्ताही समजेल.

तुझ्या सहा ओळी मिळाल्या. तुझं अक्षर अजून चौथीतल्यासारखंच आहे. तू लिहितोस की सरस्वती माझं पत्र मोठ्यानं वाचत होती, शब्दन् शब्द, आणि 'अवसर आहे' वर आल्यावर तू तिला थांबवलंस. विचारलंस की तेव्हाच्या पत्रातही अक्कानं हाच शब्द लिहिला होता काय. तिनं ते पत्र कपाटातून काढलं. होता.

तू लिहितोस की तेव्हा तू जकार्ताला होतास, तिनं तुला फोनवर पत्रातला मजकूर सांगितला. आईंना बरं नाहीये, पण सवड आहे, सवडीनं या असं ताईंनी कळवलंय. तू म्हणालास, बरं, मग मनिला करून जातो.

पहिले तीन दिवस मी तुझ्या बायकोला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की माझ्या वर्गातल्या पोरींनी ऐकल्या असत्या तर त्यांनी मला शाळेतून काढलं असतं. चौथ्या दिवशी अप्पांचा जुना कोश काढला. अवसर म्हणजे संधी. अवसर म्हणजे मोकळा वेळ, सवड. काळं पांढऱ्यावर छापलेलं. घाई असा अर्थ कुठं नाही. मी खालीवर तीनदा पाहिलं.

आपल्या घरात दुसरा अर्थ कधी होता सांग बघू. दूध उतू चाललं की आई ओरडायची, अवसर. बस सुटायला आली की अवसर. भोवती सगळा तमिळ मुलूख, त्यांचा अवसरम्, म्हणजे घाई, तीनशे वर्षांत आपल्या मराठीत शिरून बसला आणि आपल्याला वाटत राहिलं की तो आपलाच आहे, रायगडावरून आणलेला. पुण्याच्या पोरीला काय ठाऊक? ती तिच्या गावची मराठी वाचत होती. तिची चूक नाही. हे तिला तू सांग. मी सांगणार नाही, माझ्यानं होणार नाही.

चूक कुणाची ते लिहिते. तुझं लग्न होईपर्यंत मी तुला याच अक्षरांत लिहायची आणि तुला सगळं कळायचं. लग्न झालं, पुण्याची सून आली, आणि मला वाटलं की हिला वाटायला नको, हे तंजावरचे लोक मराठी म्हणवतात आणि मराठी लिहिता येत नाही. हिंदीच्या परीक्षांसाठी नागरी शिकले होते, ती बाहेर काढली. तुला वाचता येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ऐट होती ना. तेरा वर्षं मी भावाला पत्र लिहिते म्हणून त्याच्या बायकोला अक्षर दाखवत होते.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. तू लिहिलंयस की अक्का, तार का नाही केलीस, राजमकडून फोन का नाही केलास. ही एक ओळ लिहायला नको होती तू. लिहिलीस, तर ऐक.

तारघर शाळेच्या वाटेवर आहे. मी रोज दोनदा त्याच्यावरून जायची. राजमचा फोन तर भिंतीपलीकडं. मी मुद्दाम केला नाही. तू माझ्या एका शब्दावर यावंस असं मला हवं होतं. तार पाहून कोणीही येतं, परकाही येतो. मला बघायचं होतं की अक्कानं ये म्हटलं एवढ्यावर सुंदर निघतो का. मी परीक्षा घेतली. आई आत खोलीत, आणि मी तुझी परीक्षा घेत होते. पत्र पोचून पाच दिवस झाले, सहा झाले, तरी मी तारघरासमोरून तशीच पुढं जायची आणि मनात म्हणायची, आता तर मुळीच नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अप्पांनाही नाही.

आईला मात्र रोज सांगत होते. ती सकाळी डोळे उघडले की विचारायची, पत्राचं काय. पहिल्या दिवशी मी म्हटलं, तो निघालाय. मग ती विचारायला लागली, कुठवर आला? मुंबईला उतरला म्हटलं. दुसऱ्या दिवशीही मुंबईच, विमान मिळेना म्हटलं. मग मद्रास. मद्रासला ऑफिसच्या कामात दोन दिवस काढवले तुझे, आई रागावली, म्हणाली याला कामच सुटत नाही. पुढं पाऊस लागला होता, तेव्हा गाडी विळुपुरमला अडकवली, पाणी रुळांवर आलंय म्हणून. एक दिवस चिदंबरम. एक दिवस मायवरम. सगळं खरं वाटावं म्हणून मी स्टेशनावर जाऊन खरंच गाड्यांची चौकशी करून यायची, म्हणजे बघ. शेवटच्या सकाळी मी म्हटलं, पापनाशमला आलाय. कुंभकोणम मी गाळलं, मला घाई झाली होती, तिचा श्वास ऐकवत नव्हता. पापनाशम ऐकल्यावर ती म्हणाली, मग पाणी तापव त्याच्या अंघोळीला.

मी पाणी तापवलं. दुपारी एकला ती गेली. पुढं स्टेशनच उरलं नव्हतं.

तुला वाटेल अक्का आता रडून माफी मागते आहे. नाही मागत. चूक तुझी नव्हती, शब्दाची होती म्हणतोस, मान्य. पण आईला बरं नाही एवढं तर सवडीच्या पत्रातही होतं की नाही? तेवढ्यावर माणूस मनिला करत नाही. तो घरी येतो, नाहीतर निदान राजमकडं फोन करून विचारतो की अक्का, सवड म्हणजे काय. पाच मिनिटांचा फोन. तू तो केला नाहीस, आणि मी तार केली नाही. आईनं दोघांनाही सारखंच वाढवलं असं दिसतंय.

आणखी एक. गेल्या पत्रात लिहिलं की अप्पांना विचारलं आणि ते नको म्हणाले. मी विचारलंच नव्हतं. तुझं पाकीट त्यांना दाखवलंही नाही, मसाल्याच्या डब्यांमागं ठेवलंय. विचारीन. कधी ते माझ्यावर सोड.

सरोजा

तंजावर
३ जुलै १९९५

सुंदर,

आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण आता सांगितलं नाही तर मी पुन्हा काहीतरी खोटं लिहीन.

रविवारी जेवण झाल्यावर अप्पांना तुझं पत्र दिलं, यादी दिली, मी भरलेल्या फॉर्मची नक्कलही दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळं शांतपणे वाचलं, पहिल्या शहरापासून तळाच्या गावापर्यंत, एकेक नाव. मग माझा फॉर्म वाचला. हवामानाला शून्य का, डिसेंबर चांगला असतो की, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, सुंदर तुम्हाला न्यायचं म्हणतो, कायमचं, तुम्ही नको म्हणाल हे मला ठाऊक आहे, तरी विचारायचं म्हणून विचारते.

ते म्हणाले, "येतो म्हणून लिही."

मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही, मी चुकीच्या बाजूला बसले होते. उठून दुसऱ्या बाजूला गेले आणि पुन्हा विचारलं. तेच म्हणाले.

मग मी बोलत सुटले. बर्फ, गुडघे, भाषा. तिथं रस्त्यावर दिवसभरात एक माणूस दिसत नाही म्हणतात. वेंकटरावांचं काय? औषधाच्या वेळा कोण बघणार, सरस्वती नोकरीवर जाते. सकाळची कॉफी तिला जमणार नाही. इथं तुम्हाला काय कमी पडतं? मी काय कमी केलं? शेवटचं मी फार मोठ्यानं म्हटलं असणार, कारण राजम भिंतीवरून डोकावली आणि लगेच आत गेली. तुझ्या फॉर्ममधले सगळे रकाने मी उलटे वाचून दाखवले, आणि तंजावर जगात पहिलं येईल इतके गुण दिले त्या वेळी.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग जे बोलले ते लिहिते. मला लिहायचं नाहीये.

ते म्हणाले, "सरोजा, त्या नऊ दिवसांत मी बाहेर ओट्यावर, तिण्णैवर बसून ऐकत होतो. तू त्याला पापनाशमपर्यंत आणलंस. मला माहीत होतं तो निघालेलाच नाही. मीही तारघरापर्यंत गेलो नाही. आता तो येत नाही, तर मी जातो. आणि दुसरं असं, की तू मला सांभाळतेस ते खरं. पण तू मला त्याला शिक्षा म्हणून घरात ठेवलंयस. मी आहे तोवर तुझा राग चालू राहणार. मला आता त्याचा कंटाळा आलाय."

कंटाळा म्हणाले. मी त्यांच्यासाठी सगळ्या रजा खर्चल्या, शाळेची सहल सोडली, लग्न सोडलं ते तर जाऊच दे, ते तेव्हाही त्यांच्यासाठी सोडलं असं म्हणायची मला सवय आहे. आणि कंटाळा.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेली होती, ती परत घासली. त्यांनी बोलावलं नाही. संध्याकाळी वेंकटराव आले तेव्हा अप्पांनी त्यांना बातमी सांगितली, आणि ते दोघं म्हातारे त्या दिवशी कोविलला न जाता तिण्णैवरच बसले. जाताना वेंकटराव मला म्हणाले की तिथल्या थंडीला लोकरीची टोपी लागेल, माझ्याकडं आहे, जावई काश्मीरला गेला होता.

तर ये. न्यायचं तर तूच ने, कुणाच्या सोबतीनं पाठवणार नाही. पासपोर्ट आहे त्यांच्याकडं, आईचा आणि त्यांचा एक्याण्णवला तिरुच्चीला जाऊन केला होता, तुझ्याकडं यायचं म्हणून, मग तिची साखर वाढली. आईचाही त्याच पाकिटात आहे, तो काढून घेऊ नकोस, राहू दे त्यांच्याजवळ.

सरस्वतीला सांग. सकाळी सहाला कॉफी, डिकाशन घट्ट, साखर अर्धा चमचा, ते एक मागतील, द्यायची नाही. भात मऊ. पथ्याचं सगळं मी वेगळ्या कागदावर लिहिलंय, याच अक्षरांत. तूच तिला वाचून दाखव, आता तुझी पाळी. डाव्या कानात तेल घालायचं नाही, कुणी काही सांगितलं तरी. बोलताना उजव्या बाजूला बसा. त्यांना सारखी एक गोष्ट सांगायची सवय आहे, ग्रँड आनिकट धरणाच्या दारांची, त्र्याहत्तरच्या पुराची. पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं ऐकायचं. मला ती ऐकून बावीस वर्षं झाली, मी एकदाही मध्ये बोलले नाही. हे तुमच्या यादीत कुठं बसतं ते बघ, नाहीतर सोडून दे.

ज्या दिवशी तू येशील त्या दिवशी मी तिरुवैयारूला अंबुजाकडं जाणार आहे. शाळेतली माझी मैत्रीण, तुला माहीत आहे ती. किल्ली राजमकडं असेल. तुमचं जेवण झाकून ठेवीन. अप्पांचा निरोप मी आदल्या दिवशी घेईन. तुझ्यासमोर नाही. तुला बघून मी काय करीन ते मला सांगता येत नाही, आणि त्यांच्या शेवटच्या दिवशी या घरात मला भांडण नको. तू माझी वाट बघत बसू नकोस. गाडी चुकेल.

राग गेलाय असं समजू नकोस. शब्दाचा उलगडा झाला म्हणून बारा वर्षं उलगडत नाहीत. कंटाळा आलाय म्हणतात अप्पा, त्यांचं बरोबर आहे, ते राग बघत होते. माझ्याकडं तो राहायलाच आहे.

त्यांना पुन्हा इथं आणायचं वचन मागणार नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कायमचं नेतात म्हणजे काय, ते मला कळतं, तुलाही कळतं, आणि त्यांना आपल्या दोघांपेक्षा जास्त कळतं. तिथंच होईल. तू कळवशील, मी तिकिटासाठी धावेन असं तुला वाटेल, पण माझा पासपोर्ट नाही आणि मी तो काढणारही नाही. ते झाल्यावर मला घाईनं काही सांगू नकोस. आधी तुझं सगळं नीट कर, अग्नी तू दे, मग लिही.

आईच्या वेळी तू नव्हतास. अप्पांच्या वेळी मी नसेन. आता आपण दोघं सारखे.

अक्का